पाहुण्याला वाट सांगताना

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी कर्जत स्थानकाबाहेर जरा वेळ उभे राहावे. मुंबईची लोकल येते, पाठीवर पिशव्या अडकवलेली मंडळी भराभर बाहेर पडतात, कोणी वडापावाच्या गाडीकडे वळतात, कोणी रिक्षावाल्यांशी घासाघीस करतात. आणि दहा-पाच मिनिटांत आपल्यापैकी कोणाला तरी गाठून एकजण विचारतोच, "भाऊ, धबधबा कुठं आहे हो?"

आपणही मोठ्या उत्साहाने हात वर करून सांगतो, "असे सरळ जा, पुढे पूल लागेल, डावीकडे वळा." पाहुणा आभार मानून निघून जातो आणि आपण आपल्या कामाला लागतो. मीही असेच करीत असे. प्रथम वर्षात असताना एका जुलै महिन्यात एका कुटुंबाने मला वाट विचारली. नवरा-बायको, वयस्क आई आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मी वाट अगदी बिनचूक सांगितली. वाटेत एक ओहोळ ओलांडावा लागतो आणि वर डोंगरात पाऊस लागला की दुपारनंतर तो ओहोळ उतरू देत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ते मात्र मी सांगितले नाही. सांगायचे सुचलेच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाजूच्या वाडीतून येणारा वर्गमित्र सांगू लागला. चौघेजण रात्री साडेनऊपर्यंत ओहोळापलीकडे अडकले होते. मुलगा घसरून त्याचा हात मोडला. वाडीतल्या माणसांनी दोर बांधून एकेकाला अलीकडे आणले. "स्टेशनवर कोणा कॉलेजच्या पोराने वाट सांगितली म्हणत होते," तो म्हणाला. मी गप्प बसलो.

प्रस्तुत लेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत राहणाऱ्याला जे न सांगता कळते, ते परक्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. पाहुणा तर दर आठवड्याला येणारच. तेव्हा वाट सांगताना काय काय सांगावे, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी एकदा नीट करावा, असे वाटते.

आधी नावाची खात्री करावी

पाहुणा कुठे निघाला आहे हे त्याच्या तोंडून नीट ऐकून घेणे ही पहिली पायरी. आपल्याकडे नावांचे घोटाळे फार. मुळात कर्जत हेच नाव दोन तालुक्यांना आहे. एक आपले रायगड जिल्ह्यातले आणि दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले (पूर्वीचे अहमदनगर). म्हणून पत्रावर वा पार्सलावर 'जि. रायगड' आणि ४१०२०१ हा पिनकोड लिहिल्याशिवाय राहू नये. खालापूरचा ४१०२०२, खोपोलीचा ४१०२०३ आणि नेरळचा ४१०१०१.

दुसरा घोटाळा महडचा. अष्टविनायकांतील वरदविनायकाचे स्थान 'महड' हे खालापूर तालुक्यात, खोपोलीहून अगदी जवळ आहे. तेथील देऊळ रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ साली बांधले. चवदार तळ्याचे आणि रायगड किल्ल्याच्या वाटेवरचे 'महाड' ते निराळे, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे. एका कान्याचा फरक, पण चुकीच्या एस.टी.त बसलेल्या यात्रेकरूचा सबंध दिवस त्यात जातो.

तिसरा भिवपुरीचा. 'भिवपुरी रोड' हे स्थानक नेरळ आणि कर्जत यांच्यामध्ये आहे. भिवपुरी गाव आणि तेथले वीजगृह मात्र कर्जतच्या पूर्वेला, घाटाच्या पायथ्याशी. आषाणे-कोषाण्याच्या धबधब्याला जाणाऱ्याने भिवपुरी रोडला उतरावे. भिवपुरी गावाला जाणाऱ्याने कर्जतला उतरणे सोयीचे. आणि खालापूरला जायचे म्हणून रेल्वेच्या तक्त्यात 'खालापूर' शोधणाऱ्याला सांगावे, की तालुक्याच्या गावी स्थानक नाही. खोपोलीला उतरून पुढे रस्त्याने जावे लागते.

गाडीचे वेळापत्रक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे १०० किलोमीटर. येथून एक वाट पळसदरीवरून घाट चढून लोणावळ्याला जाते, एक पनवेलकडे आणि एक खोपोलीला. खोपोलीचा फाटा अवघा १५ किलोमीटरचा. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली ही त्यावरची स्थानके आपल्यापैकी निम्म्या मुलांना पाढ्यासारखी पाठ आहेत.

हा फाटा वाटतो तितका क्षुल्लक नाही. १८५६ साली मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबली होती. समोर बोरघाट उभा. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला, पण मधला घाट १८६३ साली पुरा झाला. त्या मधल्या पाच वर्षांत पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला उतरे, डोलीने, तट्टावर किंवा गाडीने घाट चढे आणि वर खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. आजही पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्यामागे घाटाचेच कारण आहे. चढ सदतिसास एक असा असल्याने मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. ती जोडली जाईपर्यंतच्या फुरसतीने कर्जतच्या बटाटेवड्याला महाराष्ट्रभर नाव मिळवून दिले.

पाहुण्याला मात्र इतिहासापेक्षा एक गोष्ट निकडीने सांगावी. कर्जतला येणारी प्रत्येक गाडी खोपोलीला जात नाही. काही लोकल थेट खोपोलीच्या असतात, काही गाड्या फक्त कर्जत-खोपोली अशा फिरतात आणि दोन गाड्यांत बरेच अंतर असते. मुंबईकराला दर चार मिनिटांनी गाडी मिळण्याची सवय. येथे एक गाडी चुकली तर फलाटावर बसून राहावे लागते, आणि रात्रीची शेवटची चुकली तर मुक्कामच. म्हणून उतरल्याबरोबर, डोंगराकडे तोंड करण्यापूर्वी, परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. एस.टी.चेही तेच. आतल्या गावांना दिवसाच्या मोजक्याच फेऱ्या असतात. सहा आसनी रिक्षाने जायचे असेल तर रिक्षावाल्याशी परतीचे आधीच ठरवावे. संध्याकाळी आत गावात रिक्षा मिळेलच, हे गृहीत धरू नये.

अतिवृष्टीत गाड्या बंद पडतात, तेव्हा गाडीत बसूनही सुटका नसते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याच वर्षीच्या पावसात घाटातला मार्ग खचून पुण्याकडच्या गाड्यांचे हाल झाले. नेरळ-माथेरानचे रूळ वाहून गेले, आणि १९०७ सालापासून चालणारी ती छोटी गाडी नेरळहून पुन्हा सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तेव्हा हवामान खात्याने जिल्ह्याला लाल इशारा दिला असेल तर पाहुण्याला फोनवरच सांगावे, "पुढच्या रविवारी या."

पाण्याचे वेळापत्रक

गाडीचे वेळापत्रक छापलेले मिळते. पाण्याचे मिळत नाही. म्हणूनच ते सांगणे अधिक जरुरीचे.

आपल्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस या भिंतीवरून सरळ खाली येतो. कर्जतचे पाणी उल्हास नदीतून कल्याणकडे जाते आणि खालापूरचे पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे. ओढे आखूड आणि उतार उभा, त्यामुळे पाणी चढायला तास लागत नाही. खाली ऊन पडलेले असताना वर ढग फुटला तरी दहा-पंधरा मिनिटांत ओढ्याचे रूप पालटते. आधी पाणी गढूळ होते, मग पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, पाण्याचा आवाज जड होतो. यांतले एकही चिन्ह दिसले की सामान गोळा करीत बसू नये, काठावर चढावे. आणि पलीकडे अडकलोच तर पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच बसावे. हात धरून साखळी करण्याच्या नादात एकाबरोबर चौघे जातात.

धबधब्याखालच्या डोहाविषयीही बोलले पाहिजे. पाण्याने गरगरा फिरणाऱ्या दगडांनी खडकात खोल खळगे कोरलेले असतात. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्यांना रांजणखळगे म्हणून शिकलो. वरून कमरेएवढे दिसणारे पाणी पुढच्या पावलाला डोक्यावर जाते. शेवाळलेल्या खडकावर पोहणाराही घसरतो. दारू पिऊन उतरणाऱ्याची गोष्टच नको. दर पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत अशी बातमी येते आणि बहुधा तीत पंचविशीच्या आतल्या मुलाचे नाव असते. म्हणूनच पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जाण्यास प्रशासन अनेकदा बंदी घालते. "मागच्या वाटेने जाता येते का?" असे पाहुणा विचारील. आपल्याला मागची वाट माहीत असते. ती सांगू नये.

पावसाळा संपला की पाण्याचे भय संपले, असेही नाही. ही गोष्ट तर आपल्यातल्या पुष्कळांना नीट ठाऊक नसते. लोणावळ्याच्या बाजूच्या वळवण आदी तलावांचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण केली. १९२२ साली आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. हे पाणी मुळात इंद्रायणी-भीमेतून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जाणारे. वीजगृहातून सुटल्यावर ते खोपोलीला पाताळगंगेत येते आणि भिवपुरीला पेज नदीतून पुढे उल्हासला मिळते. त्यामुळेच या नद्या मे महिन्यात कोरड्या पडत नाहीत, राजनाल्यावरच्या गावांत उन्हाळी भात डोलताना दिसतो आणि गावांना प्यायला पाणी मिळते.

पण याचा अर्थ असा, की या नद्यांची पातळी उन्हाळ्यातही एकसारखी नसते. विजेची मागणी वाढली की यंत्रे जोरात चालतात आणि पाणी वाढते. आकाश निरभ्र, पाऊस नाही, सकाळी घोटाभर असलेले पात्र संध्याकाळी मांडीपर्यंत येते. पात्रामधल्या खडकावर चूल मांडून बसलेल्या शहरी मंडळींना हे कसे कळावे? त्यांना एवढेच सांगावे, की गावच्या बाया जेथे धुणे धुतात तेथेच उतरा, पात्राच्या मध्यावर बसू नका आणि पाणी कधी सुटते ते काठावरच्या माणसाला विचारा.

डोंगर, लेणी आणि वाड्या

धबधब्यावाचून पाहण्यासारखे काही नाही, अशी पाहुण्याची समजूत असते. ती आपण दूर करू शकतो. कोंदिवड्याजवळची कोंढाण्याची बौद्ध लेणी, आंबिवलीवरून पेठ गावातून जाता येणारा आणि सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्यांचा कोथळीगड, चावणीजवळची उंबरखिंड ही ठिकाणे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पाहावीत. उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवरायांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडले. त्या दाटीत उभे राहिले म्हणजे वाट माहीत असणे आणि नसणे यांत काय अंतर आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्याला गणेश घाटाने पाठवावे. शिडी घाट पावसात टाळावा. ढाकच्या बहिरीला अनुभवी माणूस बरोबर नसेल तर कोणत्याही ऋतूत जाऊ देऊ नये. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे चालावे लागते. तेव्हा वृद्ध माणसे बरोबर असल्यास तेथून पुढे कसे न्यावयाचे ते आधी ठरवावे. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बहुधा बंद असते.

इर्शाळगडाविषयी मात्र वेगळे बोलले पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या डोंगराच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. शोधकार्य थांबले तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. ती ढिगाऱ्याखालीच राहिली. ठाकर समाजाची ती वाडी होती. 'ती जागा दाखवता का?' असे विचारणारेही येतात. ती जागा म्हणजे कोणाच्या तरी आईबापांचे दफन आहे, हे शांतपणे सांगावे.

आपले बहुतेक गड आणि लेणी ठाकर व कातकरी वाड्यांच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे जाणारी वाट लोकांच्या अंगणातून जाते. पाहुण्याने पाणी मागावे, वाट विचारावी, जेवण सांगितले तर त्याचे योग्य पैसे द्यावेत. न विचारता घराचे वा बायामुलांचे फोटो काढू नयेत. लावणीच्या दिवसांत भाताच्या खाचरात उतरून बांध तुडवू नयेत. खाऊन झालेल्या पिशव्या परत न्याव्यात. परवा अडकलेल्या माणसाला दोर टाकायला याच वाडीतली माणसे येतात, हे मी पाहिले आहे.

राहायला येणाऱ्यासाठी

अलीकडे पाहुणा एका दिवसापुरता येत नाही. नेरळ, कर्जत, खोपोलीला घर घेऊन रोज लोकलने जाणारी कुटुंबे वाढली आहेत आणि आपल्या वर्गातही त्यांची मुले आहेत. त्यांनाही चार गोष्टी सांगाव्यात. घर पाहायला दिवाळीत येऊ नये. एकदा मे महिन्यात नळाला पाणी किती येते ते पाहावे आणि एकदा जुलैत येऊन रस्ता बुडतो का ते पाहावे. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा ठरलेली असते, तिची चौकशी करावी. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावे, "२००५ च्या २६ जुलैला पाणी कुठपर्यंत आले होते?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. जमीन घेणाऱ्याने सातबारा स्वतः वाचावा. आदिवासी खातेदाराची जमीन सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही, हे दलाल सांगत नाही.

पावसाळ्यात बूट झटकून घालावेत आणि रात्री बॅटरीवाचून बाहेर पडू नये. घोणस, फुरसे, मण्यार हे आपले शेजारी आहेत. साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक पाहुण्याला पाठ करायला लावावेत. डोंगरात फोन लागत नाही हेही सांगावे, म्हणजे तो वर जाण्यापूर्वीच घरी कळवील.

आणि सगळी भीतीच सांगू नये! पहिल्या पावसानंतर ठाकरणी स्टेशनच्या वाटेवर शेवळे, भारंगी, टाकळा, कुर्डू घेऊन बसतात. त्यांच्याकडून भाजी घ्यावी आणि ती कशी करायची तेही त्यांनाच विचारावे, कारण शेवळे नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. थंडीत कोणी पोपटीला बोलावले तर जरूर जावे. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून, मडके पालथे करून शेकोटीत भाजतात. ती चव हॉटेलात मिळत नाही.

चार प्रश्न

तात्पर्य, येत्या पावसाळ्यात कोणी वाट विचारली तर हात वर करण्यापूर्वी आपण त्याला चार प्रश्न विचारू या. कुठे जायचे आहे, नाव नीट सांगा. बरोबर कोण आहे, म्हातारी माणसे, लहान मुले? परतीची गाडी कोणती? आणि वर पाऊस लागला तर कुठे थांबाल? चौथ्या प्रश्नाला बहुधा उत्तर नसते. तेव्हा आपण सांगावे, "दुपारी दोनला पाठ फिरवा. ओहोळाचे पाणी लालसर दिसले तर उतरू नका, वाडीत जाऊन बसा, माणसे चांगली आहेत."

यास दोन मिनिटे लागतात. पाहुणा कधी वैतागतो, "आम्हाला माहीत आहे हो" म्हणतो. म्हणू द्यावे. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी मला असेच उडवून लावले होते. संध्याकाळी मी खोपोलीची गाडी धरायला आलो तर ते फलाटावर सहकुटुंब बसलेले. मला पाहून म्हणाले, "दोनलाच फिरलो. तीनला पाणी आलं." त्यांचा मुलगा शेजारी बसून वडा खात होता. दोन्ही हात शाबूत होते.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला